विश्लेषण : गुळवेल शहापूरची, झाड डाबरचे… लोगो धंद्याला नेमके काय देतो?

शहापूरच्या जंगलातून गोळा केलेली गुळवेल देशातल्या मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांकडे जाते आणि डबीवर त्या कंपन्यांचे चिन्ह लागून बाजारात परत येते. मुरबाडकडून माळशेजला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिसॉर्ट, फार्महाऊस, मिसळ आणि चुलीवरच्या जेवणाच्या पाट्या दिसतात. निम्म्या पाट्यांवर तोच त्रिकोणी डोंगर, मागे तोच सूर्य. घाट उतरून परत येताना त्यातली एकही पाटी नावानिशी आठवत नाही. लोगो म्हणजे नक्षी नव्हे, ती आठवण्याची सोय आहे. मग ती सोय कशी तयार होते, ती का बदलावी लागते आणि तिच्यावर मालकी कुणाची?

किलोला ४५ रुपये

शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांच्या गटाने वनधन योजनेतून गुळवेलीचे काम उभे केले. केंद्राच्या ट्रायफेड या संस्थेने २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार या गटाला डाबर, बैद्यनाथ आणि हिमालया या कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची मागणी आली होती. तिची किंमत १ कोटी ५७ लाख रुपये. भागाकार केला तर किलोला साधारण ४५ रुपये पडतात.

तीच गुळवेल चूर्ण किंवा गोळ्या होऊन डबीत आली, की किलोचा हिशेब कित्येक पटींनी वर जातो. हा सगळा फरक लोगोमुळे पडतो असे म्हणणे चुकीचे ठरेल. वाळवणे, दळणे, प्रयोगशाळेतील तपासणी, परवाने, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन हे सगळे त्यात येते. पण दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांपैकी गिऱ्हाइकाचा हात कोणत्या डबीकडे जातो, हे यापैकी कशानेच ठरत नाही. ते ठरते ओळखीने.

डाबरची सुरुवात १८८४ मध्ये कोलकात्यात डॉ. एस. के. बर्मन यांनी केली. ‘डॉक्टर’मधला ‘डा’ आणि ‘बर्मन’मधला ‘बर’ जोडून नाव झाले. चिन्ह वडाचे झाड. २००४ मध्ये कंपनीने हे झाड नव्याने काढून घेतले. आधीचे झाड पोक्त, भरगच्च होते. नव्यात फांद्या-पाने मोकळी झाली आणि बुंधा हात वर केलेल्या तीन माणसांसारखा दिसू लागला. झाड मात्र ठेवले. डबी हातात घेणाऱ्या आजीला ‘कंपनी तीच आहे’ आणि नातीला ‘कंपनी जुनाट नाही’ हे एकाच चित्रातून सांगायचे होते. लोगो बदलण्याच्या जवळपास प्रत्येक निर्णयात हीच ओढाताण असते.

घोड्याचा उंट कसा झाला?

मराठी उद्योजकाचे सर्वांत ठळक उदाहरण प्रत्येकाच्या दप्तरात होते. १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर यांनी भावासोबत गिरगावात शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली. नाव होते ‘हॉर्स ब्रँड’. पुढे घोडा जाऊन उंट आला. इराणी हॉटेलात कॅमल सिगारेटची जाहिरात पाहून हे सुचले, अशी गोष्ट सांगितली जाते. उंट पाण्याशिवाय लांबचा पल्ला गाठतो, तशी पेनातली शाईही लांब चालावी, असा अर्थ त्याला जोडला गेला. ‘कॅमल’ आणि ‘इंक’ मिळून ‘कॅमलिन’ झाले.

यातली गंमत लक्षात घ्यायला हवी. उंटाचा गिरगावाशी संबंध नाही, शाईशीही नाही. घोडा मात्र त्या काळी कुणाच्याही मालावर दिसू शकला असता. आगपेटी, बिडी, कापडाचे तागे, सगळीकडे वाघ, घोडे, हत्ती, मोर होते. अक्षरओळख नसलेला गिऱ्हाईकही ‘ती घोड्याची द्या’ म्हणून माल मागू शके. म्हणूनच त्या काळातल्या छापांवर प्राणी इतके सापडतात. अशा गर्दीत कुणाकडे नसलेला प्राणी निवडला, की अर्धे काम झाले. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने कॅमलिनमध्ये बहुमताचा हिस्सा घेतला. मालक बदलले, उंट राहिला. कंपास पेटीवरचा तो उंट कंपनीच्या यंत्रांइतकाच विकत घेण्यासारखा होता.

चांगल्या लोगोने धंद्याचे वर्णन करायलाच हवे, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे. दूध विकता तर म्हैस काढा, तांदूळ विकता तर भाताची लोंबी काढा. पण मग तुमच्यात आणि शेजारच्या तांदूळवाल्यात फरक काय? त्याच्याकडेही लोंबीच आहे.

गट्टूला का जावे लागले?

हातात रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला, कपाळावर केसांची झुलपे आलेला पोरगा चाळिशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये तो काढला. त्याचे नाव ठरवायला कंपनीने ५०० रुपये बक्षिसाची स्पर्धा ठेवली आणि ‘गट्टू’ हे नाव मिळाले. पुढची चार-पाच दशके गावोगावच्या हार्डवेअर दुकानांच्या भिंतींवर तो होता. या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने त्याला निरोप दिला.

गट्टू नावडता झाला होता असे नाही. रंग कोणता घ्यायचा हे पूर्वी रंगारी आणि दुकानदार ठरवत. खोडकर, कामाला लागलेला पोरगा त्यांच्या जगातला होता. नंतर हा निर्णय घरमालक घेऊ लागले, भिंतीचा रंग म्हणजे घराची ऐट झाली. गिऱ्हाईक बदलले म्हणून चेहरा बदलला.

बजाज ऑटोचेही तसेच. षटकोनातले जुने चिन्ह म्हणजे स्कूटर, नंबर लावून वर्षानुवर्षे पाहिलेली वाट आणि ‘हमारा बजाज’. २००१ मध्ये पल्सर आली. मोटारसायकल घेणाऱ्या पोराला वडिलांच्या स्कूटरवरचे चिन्ह नको होते. २००४ मध्ये कंपनीने षटकोन सोडून झेपावणारा ‘बी’ घेतला. तो पुण्याच्या एलिफंट डिझाइन या संस्थेने केला. लोगो आधी बदलला आणि माल नंतर सुधारू म्हटले असते तर काहीच झाले नसते. इथे माल आधी बदलला होता, चिन्हाने त्याला गाठले.

उलटेही घडते. २००९ मध्ये अमेरिकेत ट्रॉपिकाना ज्यूसने खोक्यावरचे, स्ट्रॉ खोचलेले संत्रे काढून तिथे ज्यूसचा पेला आणला. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुने खोके परत आणावे लागले. ज्यूस तोच, किंमत तीच. लोकांना कपाटात आपला ज्यूस सापडेना, इतकेच. पुढच्याच वर्षी गॅप या कपड्यांच्या कंपनीने नवा लोगो आणला आणि टीका झाल्यावर आठवड्याच्या आत मागे घेतला. आपल्याकडे २०२० मध्ये मिंत्राच्या लोगोविरुद्ध मुंबईत सायबर पोलिसांकडे तक्रार झाली. चिन्हाचा आकार महिलांसाठी अवमानकारक वाटतो, असा आक्षेप होता. कंपनीने चिन्ह बदलले. ज्यांना तोवर त्या आकारात काहीच दिसले नव्हते, त्यांनाही तक्रारीनंतर तेच दिसू लागले. एकदा दिसले, की ते पुसता येत नाही.

नखाएवढ्या जागेतली परीक्षा

लोगो आज सर्वाधिक वेळा कुठे दिसतो? पाटीवर नव्हे, मोबाइलवर. व्हॉट्सअॅपच्या यादीतील गोल डीपी, गुगल मॅपवरचा ठिपका, पैसे भरताना क्यूआर कोडच्या वर येणारे चिन्ह. ब्राउझरच्या टॅबवर तर फक्त १६ बाय १६ पिक्सेलची जागा मिळते, म्हणजे एकूण २५६ ठिपके. त्यात डोंगर, सूर्य, बैलगाडी, दोन वारली आकृत्या, संस्थेचे नाव आणि ‘स्थापना २०१९’ कोंबले, तर उरतो एक राखाडी डाग.

स्टेट बँकेचे चिन्ह या कसोटीला सहज उतरते. निळे वर्तुळ, मध्ये छोटे वर्तुळ आणि खाली जाणारी फट, कुलपाच्या छिद्रासारखी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी ते केले आणि १९७१ पासून ते वापरात आहे. तेव्हा मोबाइल नव्हता, पण पासबुक, रबरी शिक्का आणि खेड्यातल्या शाखेची रंगवलेली पाटी होती. शिक्क्याला एकच रंग लागतो, पाटी रंगवणाऱ्या पेंटरला कंपास पुरतो. त्या काळच्या अडचणींसाठी केलेला साधेपणा पन्नास वर्षांनी मोबाइलच्या पडद्यावर कामी आला. २०१७ मध्ये सहयोगी बँकांच्या विलीनीकरणावेळी निळा रंग आणि अक्षरे बदलली, मूळ आकाराला हात लावला नाही.

बँक ऑफ महाराष्ट्रचे उदाहरण वेगळे आहे. दीपमाळ हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. गावच्या देवळापुढे ती असतेच. बँकेच्या स्पष्टीकरणात दीपमाळ, खांब आणि तीन ‘एम’ असा बराच अर्थ भरलेला आहे. ते तीन ‘एम’ किती खातेदारांना माहीत असतील याबद्दल शंका आहे. दीपमाळ मात्र सगळ्यांना दिसते. लोगोचा अर्थ परिच्छेदभर समजवावा लागत असेल, तर तो परिच्छेद बहुधा फक्त संचालक मंडळासाठी असतो.

आणि एसटी? धुक्यात, पावसात, पाटी वाचता येत नसताना वळणावर लाल रंग दिसला की माळशेजच्या थांब्यावरची माणसे पिशव्या उचलतात. चिन्ह कोणते हे कुणी पाहत नाही. रंगच लोगो झाला आहे.

त्रिकोणी डोंगर कुणाचाच नसतो

मुरबाड-शहापूरसाठी इथे एक सोपी संधी आहे. समजा, सिद्धगडाच्या परिसरातील एखाद्या महिला बचत गटाला तांदूळ, मध किंवा नाचणीचे पापड ‘सिद्धगड’ नावाने विकायचे आहेत. फ्लेक्सच्या दुकानातल्या संगणकात तयार डोंगर असतो. तो आल्प्सचाही असू शकतो, बहुतेक वेळा असतोच. शिखरावर बर्फही असतो. पण या भागातले डोंगर एकमेकांसारखे नाहीत. सिद्धगडाला खाली रुंद माची आणि तिच्यावर उठलेला बालेकिल्ला अशी दोन टप्प्यांची रेषा आहे. शेजारी गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. शहापूरकडे माहुलीच्या सुळक्यांची रांग, नाणेघाटावर नानाचा अंगठा. मुरबाडच्या माणसाला नुसती बाह्यरेषा दाखवली तरी तो किल्ला ओळखेल. बाहेरच्याला ओळखता आली नाही, तरी हा आकार दुसऱ्या कुठल्या पिशवीवर पाहिलेला नसेल.

सिद्धगडाला आणखी एक ओळख आहे. २ जानेवारी १९४३ रोजी भाई विठ्ठलराव कोतवाल आणि हिराजी पाटील यांना इथे हौतात्म्य आले. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे अभिवादनाला जातात. या नावाने पापड विकायला हरकत नाही, पण बार आणि डीजे नाइटच्या पाटीवर ते टाकण्याआधी स्थानिकांना काय वाटेल याचा विचार हवा. मिंत्राला जो धडा मुंबईत मिळाला, तो गावात तक्रारीशिवायही मिळतो. लोक येणे बंद होतात.

वारली आकृत्यांचेही तसेच. ठाणे-पालघरच्या आदिवासींची ही कला, तिला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आता ती चहाच्या कपापासून बिल्डरच्या ब्रोशरपर्यंत सगळीकडे आहे. तारप्याभोवतीचा फेर सुंदर दिसतो, पण जो सगळ्यांच्या पाटीवर आहे तो तुमचा लोगो होत नाही. आणि ज्यांची ती कला आहे त्यांच्याकडून काढून घेतली, मोबदला दिला, असे किती रिसॉर्टवाले सांगू शकतील?

‘द्ध’ची अडचण

चित्रापेक्षा अक्षरे जास्त काम करतात, आणि देवनागरीत तिथेच घोळ होतो. ‘सिद्धगड’ हाच शब्द घ्या. पहिली वेलांटी वर वळते, मध्ये ‘द्ध’ हे जोडाक्षर. चांगल्या फाँटमध्ये ‘ध’ ‘द’च्या पोटात बसतो. फाँट साधा असेल तर ‘द’चा पाय मोडून ‘ध’ शेजारी उभा राहतो. फाइल एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेली, की श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमधला मजकूर युनिकोड संगणकावर भलतीच अक्षरे होऊन उघडतो. लग्नाच्या फ्लेक्सवर हे चालून जाते. पाच हजार पिशव्या छापल्यावर कळले तर चालत नाही. यावर उपाय साधा आहे : नाव अंतिम झाले, की अक्षरांचे रेषांत रूपांतर करून घ्यायचे, म्हणजे फाँट नसलेल्या संगणकावरही आकार हलत नाही.

मराठीत अक्षरे घडवणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. कोल्हापूरचे र. कृ. जोशी यांनी केलेला ‘मंगल’ फाँट विंडोजसोबत घराघरांतल्या संगणकांवर पोहोचला. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके अशी काढली, की जाहिरातीतले नाव वाचण्याआधीच नाटक विनोदी की गंभीर ते कळे. लोगोकडून याहून वेगळे काय हवे असते? आज मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे देवनागरी फाँट गुगल फाँट्सवर मोफत आहेत आणि धंद्यासाठी वापरायलाही परवानगी आहे. देशाच्या चलनाचे ‘₹’ हे चिन्हही देवनागरी ‘र’वरून आले. ते डी. उदय कुमार यांनी केले, जे पवईच्या आयआयटीत डिझाइनचे संशोधक होते. सरकारने २०१० मध्ये ते स्वीकारले. देवनागरी अक्षरावर दोन रेषा, बस्स. तरीही ‘मराठी अक्षरांत लोगो प्रीमियम दिसत नाही’ असे सांगणारे डिझायनर भेटतातच.

‘सिद्धगड’ नाव नोंदवता येते का?

नुसते नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार केवळ ठिकाण दाखवणारा शब्द साधारणपणे नोंदवता येत नाही. ‘सिद्धगड तांदूळ’ म्हणण्याचा हक्क एका माणसाला दिला, तर शेजारच्या शेतकऱ्याने त्याच मातीतल्या तांदळाला काय म्हणायचे? वर्षानुवर्षांच्या वापराने ते नाव एकाच उत्पादकाशी जोडले गेले आहे हे सिद्ध केले तर अपवाद होतो. वेगळ्या धाटणीची अक्षरे आणि चित्र यांचा मिळून लोगो मात्र नोंदवता येतो. तेव्हा संरक्षण त्या रचनेला मिळते, गावाच्या नावाला नाही. नोंदणीच्या दृष्टीने बनवलेला शब्द गावाच्या नावापेक्षा बळकट असतो. म्हणूनच ‘कॅमलिन’ भक्कम आहे. पार्लेनेही ‘ग्लुको’ हा शब्द सगळेच वापरू लागल्यावर १९८० च्या दशकात बिस्किटाला ‘पार्ले-जी’ केले.

अर्ज ऑनलाइन होतो. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये शुल्क आहे. माल आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत : तांदूळ, मध ३० मध्ये, ताजी भाजी ३१ मध्ये, आयुर्वेदिक औषध ५ मध्ये, राहण्या-जेवणाची सोय ४३ मध्ये. त्यामुळे रिसॉर्टवाल्याने ३० मध्ये अर्ज केला तर पैसे वाया जातात. आधी त्या नावाचा कुणी आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येते. अर्ज स्वीकारला गेल्यावर तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणीआधी ‘टीएम’ लिहिता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी नसताना छापणे गुन्हा आहे, आणि तो सर्रास छापलेला दिसतो.

नोंदणी केली नाही म्हणजे हक्क शून्य, असेही नाही. आधीपासून प्रामाणिकपणे नाव वापरणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. त्यासाठी पुरावा लागतो : जुनी बिले, छपाईच्या पावत्या, तारखेसह फोटो. उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’चा किस्सा ऐकत वाढलेल्या ठाणे जिल्ह्यात नक्कल काय असते हे वेगळे सांगायला नको.

एका गोष्टीत मात्र सूट नाही. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र आहे. केंद्राच्या परवानगीशिवाय ते व्यापारी चिन्ह म्हणून वापरता येत नाही. गडकिल्ल्यांच्या भागात धंदा करणाऱ्यांना हा मोह सर्वांत आधी होतो. कायद्याच्या पलीकडे लोकभावनाही आहे. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीने आपल्या ‘संभाजी बिडी’चे नाव आंदोलनांनंतर बदलण्याचे २०२० मध्ये जाहीर केले, पुढे ती ‘साबळे बिडी’ झाली. दशकांची ओळख एका निर्णयात सोडावी लागली.

फाइल कुणाकडे आहे?

छोट्या धंद्यांत सर्वांत जास्त पैसे जातात ते या ठिकाणी. डिझायनरला पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असे सगळे धरून चालतात. कॉपीराइट कायद्यात हक्क हस्तांतराला लेखी कागद लागतो. तो नसेल, तर पुढे वाद झाल्यावर काढणारा ‘चित्र माझे’ म्हणू शकतो. अर्ध्या पानाचे, दोघांच्या सह्यांचे पत्र पुरते : अमुक लोगोचे सर्व हक्क अमुक रकमेच्या मोबदल्यात अमुक गटाला दिले. कॅनव्हासारख्या अॅपमधील तयार चित्रे जोडून लोगो केला, तर त्याच कंपनीच्या अटींनुसार तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, कारण तेच चित्र दुसराही कुणी वापरू शकतो. एआयने काढलेल्या चित्रात देवनागरी जोडाक्षरे तपासून घ्यावीत, ‘द्ध’ तिथेही अडतो.

आणि व्हॉट्सअॅपवर आलेला जेपीजी म्हणजे लोगो नव्हे. तो ठिपक्यांचा बनलेला असतो. डीपीला चालतो, दहा फुटांच्या पाटीवर फाटतो. डिझायनरकडून रेषांची मूळ फाइल, म्हणजे कोरल, एसव्हीजी किंवा पीडीएफ, मागून घ्यायची. सोबत एकरंगी आवृत्तीही, कारण तांदळाच्या गोणीवर स्क्रीन प्रिंटिंग करताना प्रत्येक रंगाला वेगळी जाळी आणि वेगळा खर्च लागतो. या फाइल गटाच्या ईमेलवर ठेवायच्या, अध्यक्षांच्या मुलाच्या फोनमध्ये नव्हे. फोन बदलतो, मुलगा नोकरीला कल्याणला जातो, आणि पुढच्या ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनाच्या आदल्या रात्री फ्लेक्सवाला पिशवीवरच्या लोगोचा फोटो काढून तोच मोठा करून देतो.